सातवा प्रश्न: बंद खोली

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे फूटपट्टी म्हणायचे. तोंडावर 'भाऊ', आणि पाठ वळली की फूटपट्टी. हे त्यांना माहीत होतं, आणि मला तर वाटतं, मनातून आवडतही होतं. एक फुटाची स्टीलची पट्टी सदैव त्यांच्या हातात. यादी वाचताना ती ओळीखाली धरायची, एक नाव वाचून झालं की खाली सरकवायची, मग पुढचं नाव. नावं सहा असोत की सहाशे. मध्येच चहा आला तर डावा हात पट्टीवरून न उचलता उजव्या हाताने पिणार. मी एकदा विचारलं, "भाऊ, जेवतानासुद्धा ताटाखाली धरता का हो ही?" तर म्हणाले, "ताटात ओळी नसतात, किल्लीबाई." आणि हा विनोद नव्हता. त्यांना विनोद करता येत नव्हता.

किल्लीबाई म्हणजे मी. मदत कार्यालयाचं गोदाम माझ्या ताब्यात. कमरेला अकरा किल्ल्यांचा जुडगा असतो, आणि माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. लोक खरं बोलतात. याच शेडमध्ये पूर्वी सूतगिरणी होती आणि तिच्या सामानखात्यात मी बावीस वर्षं काढली. गिरणी बसली, पुढे दोन वर्षांनी भूकंप झाला, आणि रिकाम्या शेडमध्ये मदत कार्यालय आलं. नोकरी ज्या दाराने गेली त्याच दाराने परत आली. फक्त सुताच्या पेट्यांऐवजी आता रजया, पत्रे आणि प्लास्टिकची भेंडोळी मोजायची.

फूटपट्टी आले जमीन मोजणी खात्यातून. बत्तीस वर्षं लोकांच्या बांधांवर साखळी धरून उभा राहिलेला माणूस. दोन भावांच्या भांडणात मोजणीला गेले तर दोघांपैकी कुणाच्याही घरचं पाणी प्यायचे नाहीत, स्वतःची बाटली बरोबर न्यायचे. त्यांची बायको मला एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण अजून एकदाही भाजी छान झाली म्हणाले नाहीत. कालच्यापेक्षा बरी आहे, एवढंच म्हणतात." ती हसत होती, पण पुरती हसत नव्हती.

सुरुवातीला मला हा माणूस अजिबात आवडायचा नाही. सुतळीची बंडलं माझ्याकडून दोनदा मोजून घ्यायचे. म्हणायचे, "तुमच्यावर अविश्वास नाही हो. मोजणीवर आहे." पण खोटं कशाला बोलू, हळूहळू मला त्यांचा आधार वाटायला लागला. भूकंपानंतर जो तो आपल्या माणसाचं नाव घुसवायला बघत होता. अशा वेळी काळ्या दगडावरच्या रेघेसारखा एक माणूस ऑफिसात असला की रात्री झोप लागते.

आता कामाचं सांगते. आमचं गाव दरीत, आणि पडझड झालेल्या वस्त्या वर, खिंडीच्या पलीकडे. पहिला बर्फ पडला की खिंड बंद होते, ती चार महिने उघडत नाही. जे काही वर पोचवायचं ते त्याआधी. घरं नव्याने बांधायला दोन-तीन वर्षं लागणार होती. म्हणून या हिवाळ्यापुरतं ठरलं की प्रत्येक घरातली एक तरी खोली ऊब धरेल अशी करायची. त्यासाठी आम्ही एक संच केला: आठ पत्रे, लाकडी पट्ट्या, भिंतीला आतून ठोकायचा जाड लोकरी नमदा, खिडकीचं प्लास्टिक, एक शेगडी, चार रजया. ऑफिसात त्याला आम्ही 'खोली-संच' म्हणायचो. गरज होती अठराशे चाळीस घरांना.

पैसे आले सहाशे साठ संचांचे.

आमच्या प्रमुख, ज्यांना आम्ही साहेबबाई म्हणतो, त्यांनी सगळा उन्हाळाभर पैसे देणाऱ्यांपुढे पदर पसरला. शेवटची बैठक पडद्यावर झाली. पडद्यावर पाच चेहरे, आणि पाचही फार भले. एक जण म्हणाला की परिस्थितीची आम्हाला पूर्ण जाणीव आहे, पण यंदा ठिकठिकाणी संकटं आहेत, तेव्हा तुम्ही प्राधान्यक्रम ठरवा. बैठक संपल्यावर साहेबबाईंनी पडदा बंद केला. मग म्हणाल्या, "प्राधान्यक्रम म्हणजे काय, कळलं ना? कोणी कुडकुडायचं ते आपण ठरवायचं, आणि त्यांना नंतर कळवायचं."

ठरवायचं काम फूटपट्टींकडे आलं. दुसरं कोण करणार? त्यांनी एक अर्ज तयार केला. दहा प्रश्न, प्रत्येकाला गुण. घरात पाच वर्षांखालचं मूल किती, म्हातारं माणूस किती, आजारी कोण, कमावतं कोण. ज्याला गुण जास्त त्याची नड जास्त, त्याला संच आधी. सातवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. पहिल्या मसुद्यात तो असा होता: 'दारं, खिडक्या, छप्पर शाबूत असलेली, वारा आत न शिरणारी अशी निदान एक खोली घरात आहे का?' अशी खोली असली तर तीस गुण कमी, आणि पुढच्या प्रत्येक खोलीचे आणखी दहा. ते बरोबरच होतं. ज्याच्याकडे अशी खोली आहे त्याला संच कशाला?

पण अर्ज दीड पानाचा झाला. दुसरं पान असलं की ते हरवतं, हा त्यांचा बत्तीस वर्षांचा अनुभव. म्हणून ते दोन दिवस बसले, पट्टी लावून ओळी मोजल्या, शब्द छाटले, आणि सगळं एका पानात बसवलं. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. सातवा प्रश्न आता फक्त एवढा राहिला होता: 'बंद खोली आहे का? किती?'

मी म्हणाले, "झकास." मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग नियम. ते त्यांनीच लिहिले आणि साहेबबाईंच्या खोलीबाहेर भिंतीला चिकटवले. त्यातले दोन इथे लागतात. नियम पाच: घरचा माणूस सांगेल तेच लिहायचं, आपल्याला काय दिसलं ते लिहायचं नाही. कारण दिसण्यात आपपरभाव येतो. ओळखीच्या घराची भिंत जास्त पडकी दिसते. नियम बारा: कर्मचाऱ्याचा नातेवाईक अर्जदार असेल तर त्या कर्मचाऱ्याने त्या अर्जाबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

बारावा नियम त्यांनी स्वतःसाठीच लिहिला होता. त्यांची थोरली बहीण खिंडीपलीकडच्या सगळ्यात वरच्या वस्तीत राहायची. आई लवकर गेली, आणि याच अक्काने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. तिला दमा होता. घरात मुलगा, सून, आठ वर्षांची नात आणि आठ महिन्यांचा नातू. भूकंपानंतर ते तिच्याकडे गेले नव्हते; यादी लागेपर्यंत जायचं नाही, हे त्यांनीच ठरवलेलं.

अर्ज भरून आले, गुण लागले, यादी लागली. सहाशे वीस घरं. चाळीस संच अडीअडचणीला राखून ठेवले. साहेबबाईंची सही झाली, पैसे देणाऱ्यांकडून मंजुरी आली, आणि यादीवर शिक्का बसला: 'अंतिम'. अक्काचं घर यादीत नव्हतं. त्या दिवशी फूटपट्टी गोदामात आले, कधी नव्हे ते गाठोड्यावर टेकले आणि म्हणाले, "बरं झालं, किल्लीबाई. सुटलो." मला त्यांचा राग आला. सख्ख्या बहिणीला मिळालं नाही, आणि याला सुटका वाटते!

आणखी एक गोष्ट तेव्हा घडली, ती मी ऑफिसाबाहेर आजवर कुणाला सांगितलेली नाही. वरच्या वस्तीतल्या एकशे त्रेचाळीस घरांपैकी यादीत नऊच आली होती. अर्ज लावून ठेवताना एका अर्जावर सातव्या प्रश्नापुढे 'चार' लिहिलेलं दिसलं. मी सगळ्यांना वाचून दाखवलं. "चार बंद खोल्या! अहो, बंगला आहे बंगला! यांच्याकडेच ऑफिस हलवू या." सगळे हसले. हिशेबनीस तर खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. फूटपट्टी हसले नाहीत, पण त्यांनी तो अर्ज हातातही घेतला नाही.

ट्रक भरायला लागले त्या आठवड्यात अक्का गावात आल्या, दवाखान्यातून दम्याचं औषध न्यायला. ऑफिसच्या वेळात भाऊ भेटणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक, म्हणून दर वेळी माझ्याकडे गोदामात येऊन बसायच्या. अंगाने एवढीशी बाई, पण मान ताठ. मी चहा केला. त्या म्हणाल्या, "नाव नाही आलं ते एका परीने बरंच झालं. नाहीतर लोक म्हणाले असते, भाऊ खुर्चीत बसलाय ना."

मी समजूत घालायला गेले. "तसं नाही, अक्का. तुमच्याकडे दोन बंद खोल्या आहेत ना. ज्यांच्याकडे एकही नाही त्यांना आधी."

"दोन बंद आहेत म्हणूनच तर आम्ही पाच जण पडवीत झोपतो."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"म्हणजे काय? भूकंपानंतर ते तपासणीवाले आले नव्हते का, लाल रंग घेऊन? दारावर फुली मारली आणि म्हणाले, ही खोली बंद, आत पाऊल टाकायचं नाही. एकीचं छप्पर खाली आलंय, दुसरीची भिंत फुगलीय. तुमचा तो माणूस अर्ज घेऊन आला, विचारलं बंद खोली आहे का. म्हटलं आहे, दोन आहेत. त्याने लिहिलं. मला वाटलं, जेवढ्या जास्त बंद तेवढी मदत जास्त."

"आणि पडवी?"

"तिला तीन भिंती. चौथीकडे ताडपत्री."

दारात पावलं वाजली. फूटपट्टी शाईची बाटली मागायला आले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते बहिणीला 'कधी आलीस' असंसुद्धा म्हणाले नाहीत. म्हणाले, "पुन्हा सांग." अक्कांनी पुन्हा सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला की मी पटकन स्टूल पुढे सरकवलं. पण ते बसले नाहीत. थेट ऑफिसातल्या कपाटाकडे गेले आणि वरच्या वस्तीचे एकशे त्रेचाळीस अर्ज काढले.

खालच्या गावांत लाल फुल्या मारायला कुणी गेलंच नव्हतं. तिथे 'बंद खोली' म्हणजे चार भिंतींची खोली, आम्हाला वाटलं तसंच. फक्त वरच्या वस्तीत त्या दोन शब्दांचा अर्थ उलटा झाला होता. ज्याचं घर जास्त पडलं त्याने जास्त खोल्या सांगितल्या, आणि आम्ही त्याचे जास्त गुण कापले. ज्याला मी बंगलेवाला म्हणून हसले होते त्याच्या घरात अकरा माणसं होती, आणि अक्कांनी सांगितलं, ती गोठ्यात राहत होती. हे ऐकल्यावर मी गोदामात गेले, दार लावून घेतलं आणि रडले.

साहेबबाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. यादी उघडता येणार नव्हती. उघडायची तर पैसे देणाऱ्यांची तपासणी नव्याने, दीड महिना तरी. बर्फाला फार तर दहा दिवस. तरी त्यांनी पत्र पाठवलं, जास्तीचे शंभर संच मागितले. उत्तर दोन दिवसांत आलं, ते लवकर आलं यातच सगळं आलं: पुढील आर्थिक वर्षात अवश्य विचार करू.

"राखीव चाळीस आहेत," साहेबबाई म्हणाल्या. "त्यांची यादी अजून झालेली नाही, आणि तिला माझ्या एकटीची सही पुरते. वर जा, सातवा प्रश्न नीट विचारून या, गुण लावा. पहिल्या चाळीस घरांना द्या."

"एकशे चौतीस घरांत चाळीस," फूटपट्टी म्हणाले.

"हो. चाळीस."

हिशेबनीस तिथेच बसला होता. माणूस वाईट नाही, पण नियमाचा फायदा कुठे आहे हे त्याला बरोबर कळतं. तो म्हणाला, "आणि बहिणीचं नाव आलं तर? शिक्का बसल्यावर चूक सापडते, आणि नेमकी भावालाच सापडते. मला वर कळवावं लागेल बुवा. उद्या चौकशी झाली तर माझी मान कोण सोडवणार?"

साहेबबाईंनी डोळे मिटले. "तुम्ही कळवलंत की चौकशी. चौकशी संपेपर्यंत चाळीसच्या चाळीस संच कुलपात. तोवर खिंड बंद." मग त्या फूटपट्टींकडे वळल्या. "भाऊ, तुमच्या बहिणीचा अर्ज बाजूला ठेवू या का?"

"नाही."

"अहो, एकोणचाळीस घरांसाठी—"

"गुण आले तर नाव येईल. गुण नसताना घालायची जशी सोय नाही, तशी गुण असताना काढायचीही नाही. आणि खरं म्हणजे मी एवढंही बोलायला नको होतं. नियम बारा." आणि ते उठून बाहेर गेले.

मला इतका संताप आला की काय सांगू! स्वतःच भिंती बांधायच्या, दार ठेवायचं नाही, आणि मग आत ताठ उभं राहायचं! मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "तुमच्या पैशाने घेऊन द्या ना तिला सगळं. त्याला तर कुठला नियम आडवा येत नाही?" ते म्हणाले, "चार दुकानं फिरून आलो. पत्रा नाही, नमदा नाही." कुठून असणार? बाजारातला सगळा माल आम्हीच उचलला होता. "मग घरी आणा चार महिने." तर म्हणाले, "विचारलं. येत नाही. हिवाळ्यात घर रिकामं दिसलं तर उन्हाळ्यातल्या घरबांधणीच्या यादीतून नाव जातं." मी म्हणाले, "हा नियम कोणी लिहिला?" ते हातातल्या पट्टीकडे बघायला लागले. मला उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने वर गेलो. ते, मी आणि अर्ज भरणारे दोघे. मागे एक शेगडी आणि दोन रजया बांधलेल्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या घरच्या. 'खाजगी सामान कार्यालयीन वाहनातून नेण्यास परवानगी मिळावी' असा अर्ज त्यांनी साहेबबाईंना केला होता, आणि वजनाप्रमाणे भाडं भरून पावती खिशात ठेवली होती. त्यांच्या बायकोने मला नंतर सांगितलं, घरात एकच शेगडी होती.

दिवसभर आम्ही दारोदार फिरलो. सातवा प्रश्न आता पहिल्यासारखा लांबलचक होता, आणि त्यांनी तो सगळ्यांना तोंडपाठ करायला लावला होता. घरोघर तेच उत्तर. नाही. नाही. नाही हो, कुठली खोली! लोक चिडत नव्हते, त्याचंच मला जास्त लागत होतं. त्यांना वाटलं, पुन्हा विचारायला आलेत म्हणजे आता सगळ्यांनाच मिळणार. एक म्हातारी मला म्हणाली, "तुम्ही आलात, आता काळजी नाही." मी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

अक्कांच्या घरी मला एकटीला जावं लागलं. फूटपट्टी शेगडी आणि रजया उंबऱ्यापाशी ठेवून गल्लीच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. नातीने 'आजोबा' म्हणून हाक मारली, तरी वळले नाहीत.

पडवीत सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. चौथ्या बाजूची ताडपत्री वाऱ्याने फुगत होती, आत येत होती, परत फुगत होती. आतल्या दोन्ही दारांवर लाल फुल्या. अक्का घोंगडी पांघरून खाटेवर. दोन शब्द बोलल्या की मधे थांबून श्वास घ्यायच्या.

"तो तिकडे का उभा आहे? पाठ करून?"

इथे माझी चूक झाली. मी फक्त प्रश्न विचारायचा होता. उत्तर लिहायचं होतं आणि पुढच्या घरी जायचं होतं. पण त्या माणसाची ती पाठ बघून माझ्या पोटातलं सगळं ओठावर आलं. हिशेबनीस काय म्हणाला, चौकशी, कुलूप, खिंड, सगळं सांगून टाकलं. अक्कांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "त्याला म्हणालात का, नाव काढ म्हणून?"

"साहेबबाई म्हणाल्या. ते नाही म्हणाले."

"म्हणणारच," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. "लहानपणी वाटणीत जास्त आलेला खाऊ उष्टा झाला तरी परत ठेवायचा. जास्तीचा गोड लागत नाही म्हणायचा." मग त्यांनी ताडपत्रीकडे बघितलं. सुनेकडे एकदा बघितलं. सून खाली बघत होती. "विचारा तुमचा प्रश्न."

मी विचारला. दारं, खिडक्या, छप्पर शाबूत असलेली, वारा आत न शिरणारी अशी निदान एक खोली घरात आहे का? मी विचारत असताना ताडपत्री माझ्या खांद्याला लागत होती.

"आहे," अक्का म्हणाल्या. "एक आहे."

"अक्का!"

"एक आहे म्हटलं ना. लिहा."

"अक्का, बाळ आहे हो घरात. तुमचा दमा—"

"काय नियम आहे तुमचा? भिंतीला लावलाय ना त्याने, मी वाचलाय. सांगेल ते लिहायचं." त्यांना खोकला आला. "लिहा, बाई. तो तिथे थंडीत उभा आहे."

मी लिहिलं. माझ्या हाताने लिहिलं: 'आहे. एक.'

खाली येताना जीपमध्ये त्यांनी अर्ज मागून घेतले आणि मांडीवर पट्टी धरून वाचायला लागले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. एका अर्जापाशी पट्टी थांबली, आणि फार वेळ सरकलीच नाही.

"हे तिने सांगितलं?"

"हो."

"आणि तुम्ही काय बघितलंत?"

"बघितलेलं लिहायचं नसतं, भाऊ."

बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पट्टी उचलली, पुढच्या अर्जाच्या पहिल्या ओळीखाली धरली.

गुण लागले. चाळिसाव्या क्रमांकावर अक्कांच्या समोरचं घर आलं. अक्का एकशे चौतिसात शेवटच्या. शाबूत खोली असलेलं ते वस्तीतलं एकमेव घर होतं, कागदावर. हिशेबनिसाने यादी बारकाईने बघितली आणि म्हणाला, "स्वच्छ आहे." चाळीस संच मी माझ्या हाताने ट्रकवर चढवले. ट्रक वर गेले, रिकामे परत आले, आणि चौथ्या दिवशी सकाळी बर्फ पडला.

वर एकच टेलिफोन चालतो, शाळेच्या व्हरांड्यातला. बर्फ पडायला लागल्यावर तासाभराने तिथून गोदामात फोन आला, कारण ऑफिसच्या वेळात भावाच्या टेबलावर फोन करायचा नाही हे अक्कांना ठाऊक. मी धावत जाऊन फूटपट्टींना घेऊन आले. या वेळी ते आले. पट्टी टेबलावर तशीच टाकून आले.

रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ते ओरडून बोलत होते. "अक्का! शेगडी पेटते का? बाळ कसं आहे? अक्का, खोलीचं काय? ऐकू येतंय का? खोलीचं काय केलंत?"

मी शेजारीच होते. खरखर खूप होती, पण आवाज मलाही ऐकू आला.

"खोली बंद आहे रे, धाकट्या. काळजी करू नकोस. खोली बंदच आहे."

"कशी बंद? अक्का, कुठल्या अर्थाने—"

लाइन गेली. त्यांनी तीन-चारदा खटका दाबून बघितला, मग रिसीव्हर जागेवर ठेवला.

याला आता सात आठवडे झाले, लाइन अजून आलेली नाही. खिंड उघडायला अजून नऊ तरी आहेत. फूटपट्टी रोज वेळेवर येतात, यादीखाली पट्टी धरतात, वाचतात. घरी शेगडी नाही, म्हणून त्यांची बायको दुपारी माझ्याकडे गोदामात येऊन बसते. कधीकधी ते काम टाकून गोदामाच्या दारात येतात आणि मला विचारतात. त्यांना दुसरं कुणी सांगू शकत नाही, कारण ती पडवी आमच्यापैकी मी एकटीनेच आतून बघितली आहे.

"किल्लीबाई," ते विचारतात, "समोरच्यांनी त्यांना आपल्या खोलीत घेतलं असेल, म्हणून म्हणाली असेल का, बंद? की पडवीपण पडली, म्हणजे तिसरी खोली बंद?"

मी काल सांगितलं तेच पुन्हा सांगते. घेतलं असेल, भाऊ. ते मान हलवतात आणि विचारतात, "हे तुम्हाला माहीत आहे, की वाटतं?"